म्हातारा पाऊस

पंचांगकर्त्यांनी पावसाच्या नक्षत्रांना वाहने दिली आणि लोकांनी त्यांना वय दिले. बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, गाढव यांपैकी कोणाच्या पाठीवर बसून नक्षत्र येते आहे, यावरून यंदाच्या पाण्याचा अदमास बांधण्याची विद्या मला कधीच साधली नाही. परंतु पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि त्याच्या मागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणणारा जो कोणी अज्ञात शेतकरी होऊन गेला, त्याच्याविषयी मला, वयोमानपरत्वे सरकारी नोकरीतून मुक्त झाल्यापासून, विशेष जिव्हाळा वाटू लागला आहे. वार्धक्याविषयी जगाचे जेवढे गैरसमज आहेत ते या एका नावात साठवलेले असून, ते किती निराधार आहेत याचा पुरावा दरसाल जुलैच्या विशीपासून ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत आमच्या भंडारा जिल्ह्यात घरोघर पोहोचता केला जातो. माझ्या घरी तो थेट छतातून पोहोचतो.

छताचा उल्लेख ओघाने आलाच आहे, तेव्हा त्याची कैफियतही येथेच दाखल करून ठेवतो. आमचे घर वडिलार्जित, मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे. थोरले बंधू नागपुरास आणि धाकटे रायपुरास स्थायिक झाल्यामुळे मालकी तिघांची, वहिवाट माझी आणि दुरुस्ती कोणाचीच नाही, अशी त्याची कायदेशीर स्थिती आहे. दर उन्हाळ्यात कवेलू फेरून घेण्याविषयी तिन्ही ठिकाणांत पत्रव्यवहार होतो, तत्त्वतः मंजुरी मिळते, आणि खर्चाच्या वाटणीचा तपशील ठरता ठरता मृग लागतो. आमच्या जिल्ह्याचा इतिहास ज्यांना अवगत आहे त्यांना यात नवल वाटू नये. कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी जोखून जे असंख्य तलाव या मुलखात बांधले, ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि तेव्हापासून आजतागायत दप्तरात त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असेच चालत आले आहे. मालक गेला तरी ज्याच्या नावातून मालक जात नाही, अशा तलावाची पाळ कोणी बुजवावी हा जितका नाजूक प्रश्न, तितकाच आमच्या आढ्याचा. तूर्त त्यावर तोडगा म्हणून, पलंगाच्या उशाशी जेथे नेमके गळते तेथे, आईच्या वेळचा एक पितळी गंज मांडून ठेवलेला असतो. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी दूरदूरच्या बाजारांत जात. त्यांतले एक आता घरच्या घरी तलावाचे काम करते. बेताच्या पावसात तो गंज चार तासांनी भरतो, जोराच्या पावसात दोन तासांनी, आणि भरलेला गंज वेळीच रिता केला नाही तर पाणी पलंगाखालच्या त्या संदुकीकडे धाव घेते, जीत माझी चौतीस वर्षांची खाजगी टाचणे आणि माझ्या सौभाग्यवतीचा लग्नातला शालू शेजारी शेजारी नांदत आहेत.

आता मूळ हकिकतीकडे वळतो.

भंडाऱ्यात खांब तलावाच्या काठाने रोज पहाटे फिरणाऱ्या निवृत्तांचे आमचे एक मंडळ आहे. त्याला नोंदणी नाही, घटना नाही, वर्गणी नाही. तथापि कोणी काय म्हटले याची नोंद ठेवण्याची माझी सवय सुटत नसल्यामुळे चिटणीसपद आपोआपच मजकडे चालत आले. मंडळात भूगोल शिकवून निवृत्त झालेले गुरुजी आहेत. आपल्या हयातीत एकही युक्तिवाद अर्धवट न सोडलेले वकीलसाहेब आहेत. मालगाडीच्या अखेरच्या डब्यातून निम्मे आयुष्य उलट्या दिशेने पाहत काढलेले गार्डसाहेब आहेत. आणि सिहोऱ्याच्या बाजूला पाच एकर धानाची शेती असलेले, ज्यांना सारे ‘तलाठीभाऊ’ म्हणतात ते गृहस्थ आहेत. आषाढाच्या अखेरीस गुरुजींचा भाचा पुण्याहून चार दिवसांसाठी आला, एका पहाटे आमच्याबरोबर तलावाला फेरी मारून गेला, आणि जाता जाता एक शब्द मागे ठेवून गेला. तो शब्द ‘ट्रेक’.

डोंगर चढून देवाचे दर्शन घेऊन परत येणे या क्रियेला आमच्याकडे पूर्वापार ‘देवाले जाणे’ म्हणतात. त्याच क्रियेत भर पावसाळा, महागडे बूट आणि अनावश्यक वाट यांची भर घातली म्हणजे तिचा ट्रेक होतो, असा अर्थ भाच्याने समजावून सांगितल्यावर मंडळात बरीच खलबते झाली. गायमुख, कोरंभी आणि चांदपूर अशी तीन नावे पुढे आली. पहिल्या दोहोंच्या बाजूने पुष्कळ बोलण्यासारखे होते आणि ते वकीलसाहेबांनी बोलूनही घेतले; परंतु तलाठीभाऊंनी चांदपूरच्या मारुतीचा असा काही आग्रह धरला, आणि श्रावणातल्या पहिल्या शनिवारी त्याच्या पायरीशी न जाणे हा कसा घोर प्रमाद ठरेल हे इतक्या भक्तिभावाने सांगितले, की ज्यांना आजवर कोणी साध्या आरतीला उभे राहिलेले पाहिले नव्हते त्या गृहस्थांच्या या पालटाने आम्ही सारेच भारावून गेलो. या भक्तीचा उगम कोठे होता हे पुढे यथास्थळ कळेल.

माझी अडचण निराळी होती. त्या शनिवारी शेजारी पोथी बसणार होती आणि आमच्या सौभाग्यवती दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तेथे गुंतलेल्या होत्या. मी घरी नाही, त्या घरी नाहीत, आणि पुष्य चालू.

“तुमी तं जाऊन रायले डोंगरावर,” त्या म्हणाल्या, “पण मांगं गंज कोन रिता करन जी?”

या प्रश्नाला चौतीस वर्षांच्या सेवेत आत्मसात केलेले एकच उत्तर मजपाशी होते. ‘बघू’ म्हणून मी तो प्रश्न पुढील कार्यवाहीसाठी प्रलंबित ठेवला.

नियोजित शनिवारी पहाटे साडेपाचला हजेरी घेतली तेव्हा नावे दिलेल्या अकरांपैकी पाच आसामी आणि सहावा भाचा एवढेच हजर आढळले. उरलेल्यांची कारणे मी रीतसर टिपून घेतली: दोघांचे गुडघे, एकाचे जावई, एकाचा रक्तदाब, आणि एका स्पष्टवक्त्याचा ‘पाणी येऊन रायला’ हा नुसता शेरा. भाड्याने ठरवलेली काळीपिवळी जीप वरठी, मोहाडी अशी एकेक गावे मागे टाकीत तुमसरच्या रस्त्याला लागली. दोहो बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या, बांध्यांत आभाळ, आणि त्या आभाळात कमरेत वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांच्या रांगा. आमच्या जिल्ह्यात पाऊस म्हणजे सुमारे पन्नास इंच पाणी आणि ते पाणी जमिनीवर सपाट उभे करून ठेवण्याची कला. इकडच्या माणसाची सारी बुद्धी, सारे भांडण आणि बरीचशी फौजदारी धुऱ्याच्या उंचीभोवती फिरते. दीड वीत उंचीच्या बांधावर ज्याचे आयुष्य तोलले जाते, त्याने डोंगराच्या वाटेला काय म्हणून जावे, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण जीपमध्ये माझे दोन्ही गुडघे गार्डसाहेबांच्या ताब्यात असल्यामुळे तो टिपून घेता आला नाही.

तुमसरला तर्री-पोह्यांसाठी गाडी थांबली तेव्हा वकीलसाहेबांना शनिवारच्या उपवासाचे स्मरण झाले. लाल तर्रीची वाफ नाकाशी येत असता त्यांनी जो युक्तिवाद केला तो कोणत्याही वरिष्ठ न्यायालयात टिकला असता. उपवासाचा हेतू दर्शन. दर्शनास चढण आवश्यक. चढणीस बळ आवश्यक. सबब बळ देणारा आहार उपवासाच्या हेतूस पूरक असल्याने तो उपवासाचा भंग न ठरता त्याचे साधन ठरतो. एवढे बोलून त्यांनी दोन बशा साधन ग्रहण केले आणि तिसरीच्या बाबतीत निकाल राखून ठेवला.

सिहोरा मागे पडून चांदपूरचा तलाव दिसू लागला तोपर्यंत म्हातारा पाऊस चांगलाच तरणा झाला होता. हा तलाव इंग्रजी अमदानीतला. एका अंगाला जंगलाच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला बांध, आणि पैलतीर धारांमागे नाहीसा झालेला. सोंड्याटोला येथून बावनथडी नदीचे पाणी पंपांनी उपसून याच तलावात आणून सोडतात, ही माहिती गुरुजींनी पुरवली तेव्हा मला अंमळ धीर आला. ज्या ठिकाणी खुद्द पाण्यालासुद्धा चढण चढण्यासाठी विजेच्या पंपाचे साहाय्य लागते, तेथे माझ्यासारख्याला दम लागला तर त्यात शरमेचे कारण नव्हते.

देवळापर्यंत रुळलेली वाट आहे आणि तिच्यावरून लेकुरवाळ्या बाया, म्हातारेकोतारे, नारळवाले सारेच बिनबोभाट ये-जा करीत असतात. आम्ही मात्र ती वाट धरली नाही. तिने गेलो तर तो ट्रेक होणार नाही, असे भाच्याचे म्हणणे पडले. आणि ज्या शब्दाच्या पायी आपण पहाटे साडेचारला उठलो तो शब्द फुकट जाऊ नये, म्हणून आम्ही सागाच्या रानातून वर जाणारी एक गुरांची पायवाट पत्करली.

येथे पोशाखाचे वर्णन करणे प्राप्त आहे. भाच्याच्या अंगावर पिवळा चकचकीत अंगरखा होता, जो बाहेरचे पाणी आत येऊ देत नसे आणि आतला घाम बाहेर जाऊ देत नसे. त्यामुळे अर्ध्या तासात तो स्वतःच्याच उद्योगाने नखशिखान्त भिजला. वकीलसाहेबांची छत्री पहिल्याच वळणावर उलटी होऊन तिने जी वरच्या दिशेने याचना आरंभली ती अखेरपर्यंत सोडली नाही. माझी टोपी, गार्डसाहेबांचा कोट आणि गुरुजींचे उपरणे ही प्रतिकाराची साधने नसून केवळ पाणी साठवण्याची भांडी होती. कोरडे राहिले ते एकटे तलाठीभाऊ. त्यांनी खताच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून खोळ केली होती आणि ती डोक्यावरून पाठीवर सोडली होती. तिच्यावरून पाणी असे निथळे की जणू त्याला सक्त ताकीदच मिळाली असावी. पाठीवर ‘युरिया’ ही तीन ठळक अक्षरे घेऊन ते सर्वांच्या पुढे चालले होते, आणि धुक्यात वाट हरपली की आम्ही त्या तीन अक्षरांच्या अनुरोधाने जात होतो.

चढण फार नव्हती. पण पाऊस, सागाचा पालापाचोळा आणि लाल मुरूम यांनी मिळून ती जेवढी होती त्याहून पुष्कळ वाढवून ठेवली होती. दोन पावले चढावे आणि एक घसरावे असा हिशेब होता, आणि तो मी सवयीने मनाशी जमाखर्चात मांडीत होतो. एका उतारावर बाकी शून्य निघून मी बसूनच खाली आलो. सर्वांनी धावत येऊन माझी चौकशी केली. तलाठीभाऊंनी माझ्या धोतराच्या चिखलाची केली. त्यांनी चिमूटभर चिखल बोटांत घेऊन चोळला, वासही घेतला आणि न्यायनिवाड्याच्या सुरात म्हणाले, “खालचा हा कन्हार, याच्यावरचा मोरांड, अन् हा लाल म्हंजे बर्डी. कन्हार गव्हाले चांगला, मोरांड धानाले. बर्डीत काईच होत नाई.” जुन्या बंदोबस्तापासून चालत आलेली जमिनीची सारी प्रतवारी माझ्या एका धोतरावर नोंदली गेली होती. महसूल खात्याच्या दप्तरात माझे नाव अखेर अशा रीतीने चढावे, हा योग मी कधी कल्पिला नव्हता.

या खोळंब्याचा फायदा घेऊन भाचा म्हणाला, “मामा, खरं सांगू? सह्याद्रीच्या मानानं हे म्हणजे टेकाडच.”

गुरुजींनी चष्मा पुसला. ओल्या उपरण्याने पुसल्यामुळे तो अधिकच अंध झाला. पण त्यांना पाहायचे नव्हते, बोलायचे होते. “तुझा सह्याद्री,” ते म्हणाले, “लाव्ह्याचा. वय साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे पोरसवदा. म्हणून तर तो एवढा उंच उभा राहतो आणि जिकडेतिकडे सुळके काढून दाखवतो. या तुमसरच्या पट्ट्यात, चिखल्याला आणि डोंगरी बुजुर्गला, मँगनीज ज्या खडकांतून काढतात, त्यांना शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली. सह्याद्री जन्मला तेव्हा यांचं चढणं, उभं राहणं, झिजणं सगळं उरकून झालं होतं. अरे, गावाचं नावच बुजुर्ग आहे.”

भाचा गप्प झाला. मला मात्र या विवेचनाने एकाएकी मोठा आधार वाटला. वर म्हातारा पाऊस, खाली म्हातारा दगड, मध्ये म्हातारी मंडळी: त्या रानात त्या घटकेला एकंदरीने पाहता बहुमत आमचे होते, आणि तरुण पक्षाचा जो एकुलता एक प्रतिनिधी उपस्थित होता तो स्वतःच्या घामात उकडून निघत होता.

मारुतीचे ठिकाण, शनिवार, आणि पिशवीत पुऱ्या व बेसन. तेव्हा वानरांनी येऊन डबा पळवल्याची हकिकत आता येणार, अशी वाचकांची अपेक्षा असेल. मलाही होती, किंबहुना त्या प्रसंगाचा पंचनामा करण्याची वाक्ये मी मनाशी जुळवूनही ठेवली होती. परंतु वानरे आली नाहीत. एका मोहाच्या दाट फांदीखाली, अंगे अंगाला भिडवून, शेपट्या खाली सोडून सात-आठ जण बसले होते. आम्ही खालून जाताना त्यांतल्या एका थोराडाने मान कलती करून आमच्याकडे पाहिले, आणि कचेरीत चुकीच्या खिडकीशी आलेल्या इसमाकडे पाहून मी आजवर जी मुद्रा करीत असे, नेमकी तीच मुद्रा करून तोंड फिरवले. अशा पावसात आपले आच्छादन सोडून बाहेर पडणारा प्राणी त्या सबंध डोंगरावर एकच होता, आणि तो उत्क्रांतीच्या शिडीवर आपण वरच्या पायरीला आहो अशा समजुतीने घसरत होता.

अखेर रान संपले आणि आम्ही देवळाच्या आवारालगत, करवंदीच्या जाळीतून, अक्षरशः रांगत बाहेर आलो. समोर एक वृद्ध बाई अनवाणी उभी होती. हातात तेलाची कुपी, रुईच्या पानांची माळ, डोक्यावर पदर. तिने प्रथम ‘युरिया’ पाहिला, मग उलटी छत्री, मग माझे प्रतवारी झालेले धोतर, आणि अत्यंत कनवाळूपणे विचारले,

“इकडून काऊन आले जी बापू? तिकडं रस्ता हाये ना!”

ट्रेक या संकल्पनेवर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. पण त्या एका वाक्याचे उत्तर मला सापडलेले नाही.

दर्शन झाले. ओल्या दगडाचा गारवा, तेलाचा, शेंदराचा आणि उदबत्तीचा मिसळलेला वास, आणि घंटेच्या प्रत्येक टोल्यानंतर क्षणभर थांबल्यासारखा वाटणारा पाऊस. प्रत्येकाने डोळे मिटून आपापला अर्ज सादर केला. मीही हात जोडले. आयुष्याच्या या टप्प्यावर मोक्ष, शांती, निदान गुडघ्यांचे आरोग्य यांपैकी काही मागावे असे योजून आलो होतो. परंतु डोळे मिटताच समोर उभा राहिला तो आमच्या पलंगाच्या उशाचा गंज. मनगटावर पाहिले: पावणेबारा. सकाळी साडेपाचला रिता करून निघालो होतो. बेताचा पाऊस धरला तरी साडेनऊला भरला, जोराचा धरला तर साडेसातलाच. म्हणजे आता संदूक. ज्याने लक्ष्मणासाठी द्रोणागिरी उपटून हातावर तोलून आणला, त्या महाबलीसमोर उभा राहून मी, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने, एवढेच म्हणालो, “देवा, आजच्या दिवस तेवढा गंज सांभाळ.” इतक्या चढणीनंतर इतकी लहान मागणी क्वचितच कोणी केली असेल. शेजारी वकीलसाहेबांचे ओठ मात्र बराच वेळ हलत होते. बहुधा उपवासाच्या मुद्द्यावर ते खुलासा दाखल करीत असावेत.

डबे सुटले, बेसन-पुरीने पोटे निवली, आणि एकाएकी पावसाने उसंत घेतली. ढगाला एक लांबट फट पडली आणि तिच्यातून खालचा मुलूख दिसू लागला: तलावाचे करडे पाणी, कालव्याच्या रेघा, हिरव्या-तपकिरी बांध्यांची गोधडी. भाच्याने गळ्यातली दुर्बीण पुढे केली. ती त्याने पक्षी पाहण्यासाठी आणली होती. पक्षी कोणीच पाहिले नाहीत. मनुष्य उंचावर जातो तो दूरचे पाहण्यासाठी, असे लहानपणी निबंधात मी अनेकदा लिहिले आहे; पण दुर्बीण ज्याच्या ज्याच्या हाती गेली, त्याने त्याने तिच्यातून आपापले अंगण शोधले. गार्डसाहेबांनी तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रुळांचा अंदाज घेतला, घड्याळ पाहिले आणि जी गाडी दिसतच नव्हती तिला उशीर झाल्याचे जाहीर केले. गुरुजींनी पश्चिमेकडच्या ठार पांढऱ्या धुक्याकडे बोट करून तेथे आंबागड असल्याचे सांगितले. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा अंमलदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास तो बांधला, पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, असा सारा इतिहास त्यांनी त्या धुक्यावर काढून दाखवला. भाचा आपल्या फोनला आभाळाकडे उंच धरून रेंज शोधीत होता. म्हणजे तोही आपले घरच शोधीत होता.

दुर्बीण तलाठीभाऊंच्या हाती गेली ती मात्र परत येईना. खोळ मागे सारून, एक डोळा मिटून, ते डोंगराच्या पायथ्यालगतच्या एका बांधीकडे असे रोखून पाहत होते की जणू शिकारी सावज हेरतो आहे. ओठ हलत होते. आम्हांला वाटले, मारुतिस्तोत्र.

“अकरा,” ते एकदम म्हणाले.

“काय अकरा?”

“बाया. चौदा ठरल्या होत्या. ठेक्यानं देली ना रोवणी. अकराच दिसून रायल्या.”

तेव्हा कुठे त्या भक्तीचा उगम आमच्या ध्यानी आला. श्रावणातला पहिला शनिवार, मारुतीची पायरी, घोर प्रमाद, हे सारे शेतावर नजर ठेवण्याच्या एका मचाणासाठी होते, आणि आम्ही पाच जण त्या मचाणाच्या भाड्यातले वाटेकरी होतो. वकीलसाहेबांनी लगेच हजर मजुरांच्या प्रमाणात मोबदला कापण्याचा मुद्दा काढला; पण तेवढ्यात तलाठीभाऊंची दुर्बीण किंचित डावीकडे सरकली आणि त्यांचा चेहरा उजळला. “तीन आहेत, आहेत. मोहाच्या झाडाखाली पोराले पाजून रायली एक, दोघी भाकर खाऊन रायल्या.” त्यांनी दुर्बीण खाली केली, देवळाच्या दिशेने पाहून हात जोडले, आणि या वेळचा तो नमस्कार अगदी निखळ होता, अशी माझी खात्री आहे.

शेवटी दुर्बीण माझ्याकडे आली. मी तिच्यातून नैर्ऋत्येस, भंडाऱ्याच्या अंगाला पाहिले. काही दिसले नाही. दिसला तो क्षितिजावर बसलेला एक काळा, गच्च, सावकाश ढग. त्या ढगाखाली वैनगंगा असेल, खांब तलाव असेल, आमचे घर असेल, आणि घरात तो गंज, काठाला पाणी लागून थरथरणारा. संदुकीतली माझी टाचणे विरघळली तर मराठी प्रशासनाची हानी होणार नव्हती. शालूचे मात्र काय उत्तर द्यावे, याचा मसुदा मी उतरणीला लागण्याआधीच मनात सुरू केला. उतरताना आम्ही रुळलेल्या वाटेने उतरलो. त्याविषयी कोणी काही बोलले नाही, भाचासुद्धा.

भंडाऱ्यास पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. रस्ते कोरडे होते. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. घरात पाऊल टाकताच मी चिखलाच्या पायांनी तडक आतल्या खोलीत गेलो. पलंगाच्या उशाशी गंज जागच्या जागी होता. मी वाकून पाहिले. तळाला सकाळी पुसून ठेवलेले पितळ लखलखत होते.

“इकडं थेंब नाई पडला दिवसभर,” दारातून आवाज आला. “पोथीले समद्या बाया उन्हातान्हात आल्या. अन् तुमी हे कुठून लोळून आले जी?”

मी देवाचा प्रसाद त्यांच्या हाती ठेवला आणि धोतरावरच्या कन्हार, मोरांड व बर्डी यांची माहिती देऊ लागलो. तिच्यात त्यांनी फारसे स्वारस्य दाखवले नाही. माझ्या मनात मात्र एक किंचित शंका डोकावत होती. एवढ्या समर्थ देवाकडे एवढे क्षुल्लक मागितले, आणि त्याने ते इतके तंतोतंत दिले, की सबंध भंडारा शहराचा पाऊस अडवून धरला. पुष्यात रोवणीच्या दिवसांत हे बरे नव्हे. कोणाची तरी बांधी माझ्या गंजापायी कोरडी राहिली असेल. चिटणिसाने वैयक्तिक अर्जावर सार्वजनिक पाणी तोडून घेतल्याचा हा प्रकार उघडकीस आला असता तर मला खुलासा देणे जड गेले असते.

रात्री दहाच्या सुमारास अंग ठणकत असल्यामुळे मी नुसताच पडून होतो. बाहेर वारा पडला होता. बेडूक एकाएकी थांबले. मग दूर, वरठीच्या दिशेने, अगदी हळू, पाय ओढत चालल्यासारखा एक आवाज येऊ लागला. तो मोठा होत होत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला, शेजारच्यांच्या टिनावर क्षणभर रेंगाळला, आणि मग आमच्या कवेलूंवर येऊन टेकला. आम्ही जीपने आलो होतो; तो आमच्या मागून चांदपुराहून सबंध वाट पायी आला होता, आणि त्याच्या वयाच्या मानाने वेळेत आला होता.

उशाशी गंजात पहिला थेंब पडला. मी घड्याळ पाहिले, कंदिलाची वात कमी केली, आणि दोन वाजताचा गजर लावून स्वस्थ निजलो.